नुसतं ‘सेड’ आणि ‘वेंट’वर किती दिवस काढणार?

आपल्या मराठी मीडियमवाल्यांचं इंग्रजी कुठे अडतं माहितीये का, क्रियापदांवर. नामं आपल्याकडे भरपूर असतात, चार्जर, टिफिनपासून इन्फ्रास्ट्रक्चरपर्यंत, विशेषणंही बऱ्यापैकी, पण क्रियापद म्हटलं की गो, कम, से, सी, डू, गिव्ह, टेक, आणि मग जे कमी पडेल ते ‘व्हेरी’ आणि ‘-ली’ लावून भागवायचं. ही सेड अँग्रीली. शी लुक्ड अँग्रीली. दे वेंट अँग्रीली. ग्रामर एकदम ओके, मार्क कोणी कापणार नाही, पण वाचताना वाटतं की गोष्टीतली सगळी माणसं एकाच चालीने चालतायत आणि एकाच आवाजात बोलतायत.

हे डोक्यात घुसलं ते भाचीमुळे. ती यंदा दहावीला आहे, राहायला भांडुपला, शाळा मराठी, आणि रविवारी माझ्याकडे इंग्रजीला येते. तिने लिहिलेल्या एका गोष्टीत चोर, पोलीस आणि म्हातारे आजोबा असे तिघं होते आणि तिघंही ‘वेंट’. चोर वेंट इन, पोलीस वेंट आफ्टर हिम, आजोबा वेंट होम. मी म्हटलं अगं पण चोर गेला कसा? तर म्हणते, ‘मावशी, लपतछपत गेला ना, पण ते इंग्रजीत कसं लिहू, हायडिंगली?’

हायडिंगली! मला खरं सांगायचं तर फार आवडला तो शब्द, कारण गडबड नेमकी कुठे होते ते त्या एका शब्दात दिसतं. बघा, मराठीत आपण म्हणतो, तो लंगडत बाहेर आला, ती तणतणत निघून गेली, बाळ रांगत आत गेलं. म्हणजे मुख्य क्रियापद आलं-गेलं एवढंच, आणि कसं गेलं ते सगळं त्या ‘-त’वाल्या शब्दात. इंग्रजी नेमकं उलटं करते. कसं गेलं तेच उचलून मुख्य क्रियापद करून टाकते, आणि आत-बाहेर, वर-खाली हे इन, आउट, अप, ऑफ असल्या चिल्लर शब्दांवर सोडून देते. ही लिम्प्ड आउट. शी स्टॉर्म्ड ऑफ. द बेबी क्रॉल्ड इन. ‘वेंट’ कुठेच नाही. लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तर जगातल्या भाषांची अशी वाटणीच मांडलीये, काही भाषा कुठे गेला ते क्रियापदात ठेवतात, काही भाषा बाकीचं बाजूला सारून कसा गेला ते ठेवतात. पहिल्या गटाचं उदाहरण म्हणून नेहमी स्पॅनिश देतात, दुसऱ्याचं इंग्रजी, आणि आपली ही वरची वाक्यं सरळ स्पॅनिशच्या पंगतीत बसणारी.

म्हणून युक्ती काय, तर आधी मराठीत वाक्य करायचं, ‘-त’वाला शब्द हुडकायचा, त्याचं इंग्रजी क्रियापद शोधायचं आणि गेला-आला चक्क टाकून द्यायचं. लपतछपत आत शिरला, स्नीक्ड इन. थकून पाय ओढत घरी आलो, ट्रज्ड होम. धडपडत जिना चढला, स्टम्बल्ड अप द स्टेअर्स. पावलांचा आवाज न करता बाहेर सटकली, टिपटोड आउट. झोकांड्या खात आला, स्टॅगर्ड इन. मराठीत विचार करू नका, डायरेक्ट इंग्लिशमध्ये थिंक करा, असं जे क्लासवाले सांगतात ना ते मला कधी पटलं नाही, उलट आपल्या मराठीत ‘-त’वाल्या शब्दांचा एवढा साठा आहे की तिथूनच सुरुवात केली तर हाताला काहीतरी लागतं.

आता शब्द आणायचे कुठून. व्हॉट्सअपवर पॉवरफुल व्हर्ब्जच्या पीडीएफ फिरत असतात, ए टू झेड. अशा याद्यांचं मला काही कळत नाही, म्हणजे अब्स्कॉन्डच्या शेजारी अब्झॉर्ब, ह्या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, फक्त स्पेलिंगचा. आणि दुसऱ्या प्रकारच्या याद्या तर त्याहून वाईट, ‘लुक’च्या खाली स्टेअर, ग्लेअर, गेझ, पिअर, पीक, ग्लान्स एका रांगेत आणि सगळ्यांच्या पुढे मराठी अर्थ काय, तर पाहणे. पाहणे, पाहणे, पाहणे! अहो मग शिकायचे कशाला सहा शब्द.

शब्द अर्थाप्रमाणे गटागटाने लावायचे ही कल्पना तशी जुनीच. इंग्रजीत पीटर मार्क रोजे ह्या डॉक्टरने १८०५ साली स्वतःच्या सोयीसाठी तशी वही सुरू केली आणि ती थिसॉरस म्हणून छापून आली १८५२ ला, तेव्हा स्वारी सत्तरी ओलांडून गेली होती. त्यात शब्द अर्थाच्या कप्प्यात, एबीसीडीप्रमाणे फक्त मागची सूची. आणि आपल्याकडे अमरकोश त्याच्याही कितीतरी शतकं आधीचा, स्वर्गवर्ग, भूमिवर्ग असे वर्गच पाडलेले, फक्त त्यात मुख्यतः नामं, क्रियापदांसाठी त्याचा काही उपयोग नाही. हल्लीचं म्हणाल तर अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचं वर्डनेट आहे, फुकट वापरता येतं, त्यात क्रियापदं अशी लावलीत की हे म्हणजे चालणंच पण अमुक प्रकारे, हे म्हणजे बोलणंच पण तमुक प्रकारे. आणि मराठी वर्डनेटही आहे बरं का, ते झालंय आपल्या पवईच्या आयआयटीत.

पण मला स्वतःला गट पाडायला सगळ्यात सोपं जातं ते भावनेवरून. म्हणजे ‘बोलणे’चे प्रकार असा गट न करता ‘राग’ असा गट, मग त्यात बोलणं, बघणं, चालणं, गप्प बसणं सगळं आलं, कारण रागात माणूस नुसता बोलत नाही ना. आणि रागाचा अभ्यास करायला मुंबईच्या लोकलमधल्या लेडीज डब्यासारखी जागा नाही.

सकाळची चर्चगेट स्लो, गोरेगावहून. तिघींच्या सीटवर चौथी येते, ‘जरा सरका ना’. खिडकीवाली सरकल्यासारखं करते, प्रत्यक्षात दोन बोटं. चौथी अर्धीच टेकते आणि ग्रम्बल करते, म्हणजे कुरकुर, कोणा एकीला उद्देशून नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. मधली मटर करते, ओठातल्या ओठात, शब्द कळत नाहीत पण कौतुक चाललेलं नाहीये एवढं नक्की कळतं. मग चौथीची पर्स मधलीवरून सरकत खिडकीवालीच्या डब्यावर आदळते आणि ती स्नॅप करते, ‘दिसत नाही का?’ स्नॅप म्हणजे हे असं, एकच वाक्य, वस्कन, काडी मोडल्यासारखं, काडी मोडते त्यालाही इंग्रजीत स्नॅपच म्हणतात. मग चौथी ग्लेअर करते. ग्लेअर हे नुसतं बघणं नाहीच, ते डोळ्यांनी केलेलं भांडण आहे, आपण खाऊ का गिळू म्हणतो तसं. अंधेरीला लोंढा आत येतो, भांडण तोंडातच राहतं, आणि पुढे बांद्र्यापर्यंत खिडकीवाली फ्यूम करत बसते, बोलत काही नाही, तोंड खिडकीकडे आणि नाकपुड्या फुगलेल्या. फ्यूम म्हणजे मुळात धूर, आणि आपलं धुमसणं तरी काय वेगळं आहे. त्याच्याही वरची पायरी सीद, त्याचा जुना अर्थ उकळणं, बाहेरून माणूस शांत दिसतो पण आत रटरट चाललेली असते. दादरला अर्धा डबा रिकामा झाला तरी दोघी एकमेकींकडे बघत नाहीत, ते सल्क, फुगून बसणं. सल्क खरं तर लहान मुलांचं क्रियापद, म्हणजे लहान मुलांचं आणि नवऱ्यांचं.

ह्या एवढ्या शब्दांमधला फरक पाठ करायला लागत नाही, स्वतःला विचारलं की कळतो. आवाज निघतोय का? फ्यूम, सीद, सल्क, ग्लेअर सगळे मुके. एकदाच झालं की चालूच आहे? स्नॅप एका क्षणाचं, रँट म्हणजे सुटलीये गाडी ती थांबतच नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या विषयावर एक काका उभे राहतात ते रँट. कोण कोणाला? स्कोल्ड मोठा लहानाला करतो, आई मुलाला, टीचर विद्यार्थ्याला, तुम्ही बॉसला स्कोल्ड करू शकत नाही, केलंत तर ते दुसरंच काहीतरी होईल आणि नोटीस पिरियड सुरू होईल. बार्क मात्र बॉसच करतो, ऑर्डरी सोडतो तोडून तोडून.

ग्लेअरवरून आठवलं, ह्या ‘ग्ल’ची एक गंमत आहे. ग्लेअर, ग्लान्स, ग्लिम्प्स, आणि दुसरीकडे ग्लिटर, ग्लिमर, ग्लीम, ग्लो, सगळे बघण्याचे नाहीतर चमकण्याचे. तसंच ‘स्न’, स्नीझ, स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट, स्निअर, स्निगर, सगळ्यांत नाक. शिंकणं, हुंगणं, घोरणं, फुरफुरणं, नाक मुरडणं, आणि स्निगर म्हणजे दुसऱ्याची फजिती बघून नाकातल्या नाकात फिदीफिदी. जे. आर. फर्थ ह्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली असल्या आवाजांना फोनेस्थीम असं नावही दिलं. नियम नाहीये हा, ग्लव्ह आणि ग्लूचा चमकण्याशी संबंध नाही आणि स्नोला नाक नाही, पण लक्षात ठेवायला बरं पडतं, आणि कुजबुज, पुटपुट, गुरगुर, कुरकुर म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता ते पाहणे, पाहणे, पाहणे सोडवू. ग्लान्स आणि ग्लिम्प्स ह्यात लोक फार गल्लत करतात. ग्लान्स आपण मुद्दाम करतो, घड्याळाकडे पटकन नजर टाकली, शी ग्लान्स्ड ॲट हर वॉच. ग्लिम्प्स आपल्याला मिळतं, माहीम सोडून बांद्र्याकडे जाताना माणसांच्या खांद्यामधून खाडीचं पाणी क्षणभर दिसतं ते ग्लिम्प्स, म्हणून तर कॅच अ ग्लिम्प्स म्हणतात. पिअर म्हणजे नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून बघणं, चष्मा घरी विसरलेले काका इंडिकेटरकडे बघतात तसं. पीक चोरून, शेजारीण तुमच्या मोबाईलमधला मेसेज वाचते ते, आणि तुम्ही मान वळवली की लगेच पंख्याकडे बघायला लागते. गेझ म्हणजे प्रेमाने नाहीतर हरवून जाऊन एकटक, मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या जोडप्यांचं खातं ते, पण तोच एकटक अनोळखी बाईकडे लावला की ते गेझ राहत नाही, स्टेअर होतं.

मुंबईचा म्हणून एक खास गट मी पाडलाय, धक्क्यांचा. पुस्तकात तो भावनेखाली येत नाही पण ज्याने सहाची विरार पकडलीये त्याला विचारा भावना असते की नाही. नज म्हणजे हळूच कोपर लावून, ‘अगं बघ ना कोण आलंय’, मैत्रीतलं. शव्ह म्हणजे ढकलूनच दिलं, दुसऱ्याचा विचार नाही. जॉसल म्हणजे गर्दीतली आपसातली रेटारेटी, त्यात कोणाचा एकट्याचा दोष नसतो. स्क्वीझ इन म्हणजे अंग चोरून शिरणं, आणि क्रॅम म्हणजे कोंबणं. कोपराचंच तर एल्बो हे क्रियापद आहे, शी एल्बोड हर वे टू द डोअर. हे वाक्य मी भाचीला सांगितलं तर हसत सुटली, म्हणे एल्बो करता येतं? का नाही येणार, दादर यायच्या आधी रोज करतो आपण.

एक गोष्ट मात्र ह्या शब्दांबरोबरच शिकायला पाहिजे, नंतर नाही, ती म्हणजे मागे काय लागतं. आपण म्हणतो माझ्यावर ओरडला, माझ्याकडे बघितलं, मग इंग्रजीत कधी ‘ऑन मी’ येतं तर कधी काहीच येत नाही, ही ग्लेअर्ड मी. तिथे ॲट पाहिजे. हा ॲट फार कामाचा आहे, त्यात नेम धरल्याची भावना असते. शाऊट टू म्हणजे लांबच्याला ऐकू जावं म्हणून ओरडून सांगणं, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरच्या मैत्रिणीला. शाऊट ॲट म्हणजे अंगावर ओरडणं. थ्रो द बॉल टू हिम, त्याने झेलावा म्हणून. थ्रो अ स्टोन ॲट हिम, लागावा म्हणून. तसंच स्नॅप ॲट, ग्लेअर ॲट, बार्क ॲट, येल ॲट, लाफ ॲट. रागाच्या गटातली जी क्रियापदं दुसऱ्याच्या अंगावर जातात त्यांच्यामागे बहुतेक वेळा ॲट लावून बघा, बसतं. आतल्या आत राहणाऱ्या रागाला वेगळं, ग्रम्बल अबाउट, सल्क अबाउट, कारण तिथे नेम कोणावर नाही, विषय आहे.

रडण्या-हसण्याचे गट सोपे आहेत कारण मराठीत आपल्याकडे तयार जोड्या पडल्यात. हुंदके देत रडणं सॉब, भोकाड पसरणं बॉल (चेंडूवाला नाही, स्पेलिंग वेगळं), टाहो फोडणं वेल, केविलवाणं कुईंकुईं केलं की व्हिम्पर, आणि वीप जरा पुस्तकी, त्याचा भूतकाळ वेप्ट, वीप्ड नाही. हसण्यात खुदुखुदु ते गिगल, स्वतःशीच मजा वाटून हळूच ते चकल, आणि डोंबाऱ्याच्या ढोलासारखं दणदणीत हसणारा एखादा मामा प्रत्येक घरात असतो त्याचं गफॉ. झालं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते, कारण इथेच लोक जोशात येऊन फसतात. ह्या क्रियापदांमध्ये फक्त करणाऱ्याची भावना नसते, सांगणाऱ्याचीही असते. ऑफिसात एक कलीग एसीबद्दल तक्रार करत होती. शी कम्प्लेन्ड लिहिलं तर ती तक्रार. शी व्हाइन्ड लिहिलं तर तिचं रडगाणं चाललंय आणि मला त्याचा कंटाळा आलाय, हे मी न सांगता सांगून टाकलं. दोन्हीत ती तेच बोलली, तेवढ्याच आवाजात. चालताना स्ट्राइड म्हणजे दमदार, लांब ढांगा टाकत, आणि स्ट्रट म्हणजे छाती काढून तोऱ्यात, आपल्याला तो माणूस आवडत नाही हे त्यात आलंच. स्माइल साधं, स्मर्क लिहिलं की समोरचा आगाऊ ठरला. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये हे शब्द वापरताना दहा वेळा विचार करा, ‘क्लायंट ग्रम्बल्ड’ असं मिनिट्समध्ये लिहून ते क्लायंटलाच सीसी गेलं तर काय होईल. तिथे आपलं सेड, आस्क्ड, रेझ्ड अ कन्सर्न बरं.

गोष्टीतही दर वाक्याला नवीन क्रियापद टाकू नका. भाचीने एकदा दहा ओळींच्या संवादात मटर्ड, स्नॅप्ड, व्हिस्पर्ड, श्रीक्ड, बार्क्ड सगळं एकत्र वापरलं, वाचून असं वाटलं की त्या घरात सगळ्यांना एकदम काहीतरी झालंय. सेड वाईट नाही, सेड नजरेत येत नाही हाच त्याचा गुण. आठ ओळी सेड आणि मग नवव्या ओळीला एकदाच स्नॅप्ड, तर तो लागतो.

बाकी पाठांतर म्हणाल तर आम्ही दमशराज खेळतो. एकाने शब्द काढायचा आणि करून दाखवायचा, बोलायचं नाही. गेझ आणि स्टेअरमधला फरक चेहऱ्यावर दाखवायला गेलात की आपोआप डोक्यात बसतो, आणि ताई, म्हणजे तिची आई, जिला इंग्रजीशी काही देणंघेणं नाही, ती सल्क असलं भारी करते की विचारू नका, प्रॅक्टिस आहे.

पुढच्या रविवारी खाण्यापिण्याचा गट घ्यायचाय. त्यात तर माल भरपूर आहे, निबल म्हणजे उंदरासारखं कुरतडत, मंच म्हणजे चवीने चावत, क्रंच कुरकुरीत गोष्टीसाठी आवाजासकट, गॉबल आणि वुल्फ डाउन म्हणजे गाडी सुटायच्या आत वडापाव संपवतात तसं बकाबका. पिण्यात सिप म्हणजे घोट घोट, गल्प म्हणजे गटकन, आणि स्लर्प म्हणजे भुरके मारत. इंग्रजीत स्लर्पला नाकं मुरडतात, मॅनर्स नाहीत असा शेरा त्या क्रियापदातच आहे. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर मात्र कटिंग सगळे स्लर्पच करतात, सिप करणारा एकच, नवीन मॅनेजर, आणि त्याचा चहा रोज गार होतो.